परदेशची विद्या आणि बापाचें शेत

(अंजनगांव सुर्जी येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आपण बसलों आहों त्या गांवाचें नांव इतिहासांत एका कागदामुळें गेलें. ३० डिसेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे व इंग्रज यांचा तह येथें झाला. मुलूख कोणाचा, सारा कोणाचा, हें त्या कागदावर ठरलें. नांगर धरणाऱ्याला कोणी विचारलें नाहीं. आज राज्य आपल्या मतांचें आहे, पण कागद लिहिणाऱ्या हातांत आपल्या घरचे हात अजून थोडे.

पानपिंपरी विम्याच्या यादींत बसावी कीं नाहीं, परदेशी कापसावर जकात किती, हें कोठेंतरी कोणी ठरवितो. २०२३ सालीं महाराष्ट्रांत एका रुपयांत पीकविमा आला. २०२५ सालीं तो गेला, आणि कापसासारख्या नगदी पिकाला शेंकडा पांचपर्यंत हप्ता आला. दोन्ही वेळां कोणी आंकडे मांडलेच असतील. ते मांडण्याची आणि दुसऱ्यानें मांडलेले तपासण्याची जी विद्या, तिला आतां ‘सार्वजनिक धोरण’ म्हणतात. तिची वरची पदवी विलायत-अमेरिकेंत एकदोन वर्षांत मिळते. खर्च मात्र पानमळा विकला तरी भागायचा नाहीं.

ही विद्या आपल्याला परकी नाहीं. १९१३ सालीं सयाजीराव गायकवाडांनीं भीमराव आंबेडकरांस महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांच्या मुदतीनें, देऊन न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठांत पाठविलें. तेथें त्यांनीं सरकारी तिजोरीचा अभ्यास केला : मध्यवर्ती सरकार किती घेतें, प्रांताला किती देतें. तो ग्रंथ १९२५ सालीं छापला, तेव्हां सयाजीरावांस अर्पण केला. पण मधली गोष्ट ऐका. ते लंडनला शिकत असतां मुदत संपली, आणि १९१७ सालीं अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. पुन्हां जाण्यास १९२० साल उजाडलें. तेंही पगारांतून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि एका स्नेह्याचें कर्ज घेऊन. म्हणून आम्ही म्हणतों, रक्कम विचारतांना मुदतही विचारा.

त्याच १९२० सालीं आपल्या जिल्ह्यांतील पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेला गेले. वडील शामराव यांनीं कर्ज काढून पाठविलें, असें वऱ्हाडांत सांगतात. भाऊसाहेब डॉक्टर व बॅरिस्टर होऊन आले. १९३० सालीं मंत्री झाले, आणि १९३३ सालीं या प्रांतांत कर्जलवाद कायदा झाला त्यामागें त्यांचा हात होता. सावकाराच्या वहीची झळ ज्यानें घरीं पाहिली, त्यालाच तो कायदा सुचला, यांत नवल नाहीं.

पण प्रत्येक बापानें कर्ज काढावें असें आम्ही मुळींच सांगत नाहीं. आज दुसरे रस्ते आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्धांस राज्य सरकारची राजर्षि शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ७५ जागा. इतर मागास व भटक्या-विमुक्तांची वेगळी आहे. मराठा-कुणबी मुलांस ‘सारथी’ची, सयाजीरावांच्याच नांवाची, २०२३ पासून ७५ जागांची. यांत घरचें उत्पन्न ८ लाखांच्या आंत लागतें. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती १९८३ पासून आहे. ती जात व उत्पन्न विचारीत नाहीं, पण पदवीनंतर सुमारें दोन वर्षांचें काम मागते, आणि परतून दोन वर्षें देशांत राहण्याची अट घालते. ही अट आम्हांस फार आवडते!

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तींत १२५ जागा ठरल्या. त्यांतल्या भूमिहीन शेतमजूर व परंपरागत कारागीर यांच्या मुलांस किती? चार. सगळ्या हिंदुस्थानांतले ते चौघे एका बैलगाडींत मावतील. शिवाय २०२२ सालीं नियमांत भारतीय संस्कृति, इतिहास व भारतीय समाजाचा अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे कुंभाराच्या पोरानें जग शिकावें, पण कुंभारवाड्याबद्दल लिहूं नये कीं काय? या चार जागा वाढविण्यासाठीं आपण बोललें पाहिजे. पण चारच आहेत म्हणून अर्ज न करणें हा शुद्ध वेडेपणा होय. न आलेला अर्ज दाखवूनच उद्यां ‘मागणीच नाहीं’ म्हणतील.

आपलीं मुलें बुद्धींत नव्हे, तारखांत हरतात. पैसा देणारे आधीं विद्यापीठाचें बिनशर्त प्रवेशपत्र मागतात. त्याला इंग्रजीची परीक्षा आणि दोन गुरुजनांचीं पत्रें लागतात. जातीचा व उत्पन्नाचा दाखला तहसिलींत, पारपत्र निराळें. हें सारें दोन महिन्यांत होत नाहीं. दोन वर्षें आधीं धरा. आमच्या परिचयाच्या एका घरानें एका दलालाला गाईच्या विक्रीचे पैसे दिले. त्यानें भरून दिलेला अर्ज मुलाला घरीं बसून फुकट भरतां आला असता. गाय गेली, साल गेलें.

मुलींचें काय, असें मघाशीं एका मावशींनीं विचारलें. केंद्राच्या जागांत शेंकडा तीस मुलींसाठीं राखल्या आहेत. तेव्हां मावशी, लग्नाची तारीख काढण्याआधीं ही तारीख काढा.

ज्यांच्या घरीं कोणी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यांनीं उठून जाऊं नये. आम्ही दिवा जळेपर्यंत बसूं. गुणपत्रिका, दाखले, जें असेल तें घेऊन या. ज्यांच्याजवळ नसेल त्यांनीं नुसतें मुलाला आणावें.