माग ठेवत नाही म्हणणाऱ्या शोधयंत्राचा हिशेब

(मंडळाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीनंतर एका सभासदाने मला विचारले, "सर, मी मोबाईलवर डकडकगो घेतलंय. आता मी काय शोधतो ते कुणाला कळणार नाही ना?" मी त्यांना 'हो' म्हणालो नाही, आणि 'नाही'ही म्हणालो नाही. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आज देतो.

हा प्रश्न मला घरचा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरात एका गंभीर आजाराचे निदान झाले. नातवाची परीक्षा तोंडावर होती, म्हणून त्याला काही कळू द्यायचे नाही असे ठरले. रात्री सगळे झोपले की मी घरच्या संगणकावर त्या आजाराची माहिती शोधत बसायचो. आठवडाभरात, नातू त्याच संगणकावर अभ्यास करत असताना, पानाच्या कडेला त्या आजारावरच्या उपचारांच्या जाहिराती येऊ लागल्या. एके दिवशी त्याने विचारले, "आबा, आजीला काय झालंय?" आम्ही जपून ठेवलेली गोष्ट एका जाहिरातीने सांगून टाकली होती.

शोधयंत्राच्या चौकटीत माणूस जे लिहितो ते तो कधी कधी बायकोलाही सांगत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेतल्या एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांतले जवळपास दोन कोटी शोध अभ्यासकांसाठी खुले केले. नावे काढून क्रमांक दिले होते, म्हणजे कुणी ओळखू येणार नाही असा समज होता. न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी ४४१७७४९ या क्रमांकाचे शोध वाचले. त्यात एका गावाचे नाव, एक आडनाव आणि दुखण्याखुपण्याच्या चौकशा होत्या. त्यावरून ते थेट जॉर्जिया राज्यातल्या ६२ वर्षांच्या एका बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. तात्पर्य, नाव खोडले म्हणजे माणूस लपत नाही.

आपण सीमाभागातली माणसे काय शोधतो? जमिनीचा उतारा, मुलांच्या शाळेचे माध्यम, खटल्याची पुढची तारीख, मोर्चाची वेळ. यात लपवण्यासारखे काही नाही, पण चव्हाट्यावर मांडण्यासारखेही नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. ती याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची होती. हक्क मिळाला आहे. पण तो रोज वापरायचा तर थोडी चौकसपणाची सवय लावून घ्यावी लागेल.

आता मूळ मुद्दा. आपल्या मंडळाचे खजिनदार प्रामाणिक आहेत, तरीही आपण दरवर्षी हिशेब तपासनीस नेमतो. त्यात खजिनदारांचा अपमान नसतो. शोधयंत्रालाही तोच न्याय लावू. डकडकगो २००८ साली गॅब्रिएल वाइनबर्ग यांनी अमेरिकेत सुरू केले. त्याला पाच प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न : वहीत काय लिहून ठेवता? कंपनीचे लेखी धोरण सांगते की तुमच्या शोधाबरोबर तुमचा आयपी पत्ता किंवा ओळख पटवणारी खूण साठवली जात नाही. म्हणजे कालचा शोध आणि आजचा शोध एकाच माणसाचे आहेत, हे जोडणारा धागाच ठेवला जात नाही. एओएलच्या यादीत नेमका हाच धागा शिल्लक राहिला होता. म्हणून ही बाब मी जमेच्या बाजूला धरतो.

दुसरा प्रश्न : तुमचे पोट कशावर भरते? जाहिरातींवरच. फरक असा, की 'सायकल' शोधली तर सायकलची जाहिरात दिसते. तुम्ही कोण आणि काल काय पाहिलेत, हे त्यासाठी लागत नाही. मात्र या जाहिराती मुख्यतः मायक्रोसॉफ्टकडून येतात. जाहिरातीवर बोट ठेवले की हिशेबासाठी तुमचा आयपी पत्ता मायक्रोसॉफ्टकडे जातो. त्यावरून तुमची व्यक्तिगत नोंद तयार केली जात नाही, असे आश्वासन आहे. आश्वासन चांगले आहे, पण ते दुसऱ्या कंपनीचे आहे, हे ध्यानात ठेवा.

तिसरा प्रश्न : बाहेरच्या माणसाला तपासता येते का? अर्धवट. त्यांच्या ब्राउझरची आज्ञावली खुली आहे, ती कुणीही वाचू शकतो. शोधयंत्राचा गाभा मात्र बंद आहे. तिथे आपल्याला त्यांच्या शब्दावरच विसंबावे लागते.

चौथा प्रश्न : चूक सापडली तेव्हा काय केलेत? २०२० मध्ये असे पुढे आले की त्यांचे अँड्रॉइडवरचे ॲप संकेतस्थळांची छोटी चिन्हे आणण्यासाठी, तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात हे स्वतःच्या सर्व्हरला कळवत होते. टीका झाली आणि त्यांनी ती पद्धत बदलली. मे २०२२ चे प्रकरण अधिक गंभीर होते. झॅक एडवर्ड्स या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिले की त्यांचा मोबाईल ब्राउझर इतरांच्या माग काढणाऱ्या यंत्रणा अडवत होता, पण मायक्रोसॉफ्टच्या काही यंत्रणांना वाट देत होता. मायक्रोसॉफ्टशी झालेल्या करारामुळे तसे करावे लागते, हे वाइनबर्ग यांनी मान्य केले. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सूट बरीचशी बंद झाली. जाहिरातीवर टिचकी मारल्यानंतरच्या मोजणीपुरता अपवाद त्या वेळी ठेवला होता. हा दोष ब्राउझरचा होता, शोधयंत्राचा नव्हे, हे सांगणे न्यायाचे होईल. पण ज्याच्याकडून शोधाचे निकाल आणि जाहिराती घ्यायच्या, त्याच्यासमोर मान थोडी झुकते, हेही त्यातून दिसले.

पाचवा प्रश्न : सरकारी कागद आला तर? कंपनी अमेरिकेत आहे, तिथला कायदा तिला लागू आहे. जे साठवलेलेच नाही ते देता येत नाही, हे तिचे उत्तर आहे. उत्तर योग्य आहे, पण ते सर्वस्वी पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर उभे आहे.

तेव्हा माझे मत असे. माग ठेवून पैसा कमावणाऱ्या शोधयंत्रापेक्षा हे निश्चित बरे. मी स्वतः ते वापरतो. पण त्याचे वचन उंबरठ्यापर्यंतच आहे. निकालातल्या एखाद्या संकेतस्थळावर तुम्ही गेलात की तिथले नियम सुरू होतात. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला शोधाचे शब्द दिसत नाहीत, पण कोणत्या संकेतस्थळावर गेलात ते बहुधा कळते. आणि तुमच्याच मोबाईलमधली शोधांची यादी घरातला कुणीही उघडून पाहू शकतो.

म्हणून तीन साध्या गोष्टी करा. घरातल्या सामाईक संगणकावर प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवा. आजारपण, पैसा, कोर्टकचेरी यांविषयी शोधताना इतर खात्यांतून बाहेर पडा आणि खाजगी खिडकी वापरा. डकडकगोच्या सेटिंगमध्ये जाहिराती बंद करण्याची सोय आहे, हवी तर ती वापरा. आणि ही पाच प्रश्नांची यादी जपून ठेवा. उद्या दुसरे कुणी 'आम्ही माग ठेवत नाही' म्हणत आले, तर त्यालाही हेच विचारा.

शेवटी घरच्या गोष्टीकडे येतो. त्या रात्री मी हे शोधयंत्र वापरले असते, तर नातवापासून ती गोष्ट लपली असती का? खरे सांगायचे तर, अर्धीच. माझा शोध लपला असता. पण आजाराची माहिती देणाऱ्या ज्या पानांवर मी तासन्‌तास घालवले, त्यांवरच्या माग काढणाऱ्या यंत्रणांनी मला गाठलेच असते. परवा ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना माझे उत्तर एवढेच : तुम्ही एक दार नीट लावले आहे, आता खिडक्याही पाहा.