नवख्याच्या हाती चावी

विदर्भाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले वस्ताद, जिमचालक आणि प्रशिक्षक मित्रहो,

अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. नागपूरच्या या थंडीत पहाटे पाचला स्टेशनवर उभं राहून ज्या पोट्ट्यांनी पाहुणे उतरवून घेतले, त्यांचेही आभार.

अध्यक्षानं क्षेत्राचा आढावा घ्यायचा असतो. तो लिहून आणलाय. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, त्याची १९१४ची स्थापना, १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळची आपल्या मंडळींची प्रात्यक्षिकं, औंधच्या पंतप्रतिनिधींचे सूर्यनमस्कार, सगळं छापील प्रतीत आहे. सवडीनं वाचा. मला दुसरंच बोलायचंय, आणि त्यासाठी मी तीस वर्षं थांबलोय.

सकाळच्या परिसंवादात ठरलं की नवी पोरं टिकत नाहीत, कारण ती आळशी आहेत. राजेहो, ज्याला आळस आहे तो थंडीत पहाटे उठून आपल्या दारात येईलच काहून? तो येतो. दुसऱ्या दिवशी येत नाही. मधल्या चोवीस तासांत त्याचं जे होतं, ते आपण केलेलं असतं.

मी केलंय. नवी उमेद होती, जिम पहिल्या मजल्यावर होती. एक बँकेतले कारकून आले, चाळिशीचे. मी त्यांच्याकडून पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढून घेतल्या. मोठ्या अभिमानानं मोजल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी आल्या. म्हणाल्या, “भाऊ, हे जिना बसून उतरून राह्यले. तुम्ही कोणतं तेल लावता, तेवढं सांगा.” सवय नसलेल्या स्नायूचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, हे मला ठाऊक होतं, त्यांना सांगायचं राहिलं. त्यांना वाटलं, आपल्याला काहीतरी झालं. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. अंबाझरी तलावावर फिरायला येतात, मला पाहिलं की वाट बदलतात.

माझे वस्ताद असं करत नसत. नव्या पोराला ते आठ-दहा दिवस मुद्गलांच्या जोडीला हात लावू देत नसत. त्याला काम देत. आखाड्याच्या हौद्यातली माती खण, चाळ, पाणी शिंपड, मारुतीपुढे उदबत्ती लाव. आम्ही याला राबवून घेणं समजायचो. आता कळतं, त्यात मेख होती. माती खणताना खांदे-कंबर आपसूक तयार होत, ही एक गोष्ट. दुसरी मोठी: ते पोरगं एक दिवस आलं नाही तर माती कोरडी राहायची आणि चार जण विचारायचे, “काहून बे, आज पाणी नाही मारलं?”

आपल्या एसी जिममध्ये त्याच्यावाचून काय अडतं? काहीच नाही. उलट वर्षाची फी घेतलेला माणूस आला नाही तर आपल्याला सोयीचंच. सगळे एकदम आले तर ट्रेडमिल पुरणार नाहीत. हसू नका. अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांचा अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. महिन्याला सत्तर डॉलरच्या वर भरणारे सभासद सरासरी चार-पाच वेळाच फिरकत. दर खेपेला पैसे देऊन गेले असते तर स्वस्त पडलं असतं. आपलं पॅकेज त्याच न येणाऱ्यावर उभं आहे. हे या व्यासपीठावरून कोणी बोलत नाही. मी बोललो.

एकवीस दिवसांत सवय लागते की नाही यावर दुपारी बरीच जुंपली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात हे मोजलंय: मध्यक सहासष्ट दिवस, पण कोणाला अठरा, कोणाला अडीचशेच्या वर. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. माझा अनुभव वेगळा सांगत नाही. पोळा-मारबतीला चुकलेला माणूस चुकल्यामुळे जात नाही. तो परत येतो तेव्हा आपला ट्रेनर सगळ्यांसमोर म्हणतो, “या साहेब, रस्ता चुकले का?” त्यानं जातो.

एक निवृत्त नर्सबाई माझ्याकडे यायच्या. आरशासमोर उभं राहायला लाजायच्या. दोन दिवसांत जातील, असं वाटलं. मी त्यांना सकाळच्या बॅचचं हजेरीचं रजिस्टर दिलं. त्या सात वर्षं आल्या. मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीतसुद्धा. व्यायाम किती केला विचाराल, तर बेताचाच. पण गुडघे धरून जिना चढणाऱ्या बाई शेवटी हातात रजिस्टर घेऊन चढायच्या.

तेव्हा या संमेलनानं एक काम घ्यावं असं सुचवतो. सोडून गेलेल्यांची नोंद ठेवू, त्यांच्या घरी जाऊन विचारू. समिती नेमता येईल, किंवा नको. तपशील कार्यकारिणीनं पाहावा. पहिल्या आठवड्याचा काही नियमही करता येईल.

सचिवांची चिठ्ठी आली आहे, जेवण तयार आहे. मलाही घाई आहे. माझ्या जिमची चावी सध्या आठ दिवसांपूर्वी लागलेल्या एका पोराकडे आहे. मी बोलत असताना त्याचे तीन फोन येऊन गेले. शटर उजव्या बाजूनं अडकतं, लाथ कुठे मारायची ते त्याला सांगायचं राहिलंय.