खाणीचा परवाना आणि जमिनीखालचे पाणी

(पक्षाच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



खाणीचा परवाना म्हणजे व्यवस्थापनाच्या कचेरीतला कागद, अशी समजूत कामगार चळवळीत अद्याप रूढ आहे. वेतन व बोनस यांसाठी कामगाराने लढावे. परवान्यात काय दुरुस्ती करावयाची ते मालक आणि सरकार पाहून घेतील! ही समजूत किती घातक आहे, हे अमेरिकेतील मोंटाना राज्यात राउंडअप गावाजवळ असलेल्या बुल माउंटन्स या भूमिगत खाणीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

या खाणीत लाँगवॉल पद्धतीने कोळसा काढला जातो. यंत्र कोळशाचा थर कापत पुढे सरकते आणि मागचे छत कोसळू दिले जाते. त्यामुळे वरची जमीन खचते, तिला भेगा पडतात, झऱ्यांचे पाणी आटते किंवा वाट बदलते. खाणीच्या माथ्यावर गुरे पाळणाऱ्यांची कुरणे आहेत आणि ती गुरे या झऱ्यांवरच जगतात.

२०१३ साली राज्य सरकारने खाणीचे क्षेत्र वाढवणारी दुरुस्ती मंजूर केली. भूजलावरील परिणामांचा विचार मात्र ५० वर्षांपुरताच केला. दूषित पाणी जमिनीखाली अतिशय संथ सरकते. ते ५० वर्षांत शेजारच्या विहिरीपर्यंत आले नाही, याचा अर्थ ते कधीच येणार नाही असा होत नाही. २०१६ साली राज्याच्या पर्यावरणविषयक मंडळाने हे मूल्यमापन अपुरे ठरवले.

संघराज्य सरकारच्या मालकीच्या कोळशाबाबतही हेच घडले. तेथील खाण-आराखड्यातील बदलाचे मूल्यमापन करताना रोजगार, वेतन व कर हे लाभ आकड्यांत मोजले गेले. वातावरणाच्या हानीचा हिशेब मात्र आकड्यांत मांडला गेला नाही. २०१७ साली न्यायालयाने याच एकतर्फी हिशेबावर बोट ठेवले. २०१८ साली नवे मूल्यमापन झाले. विस्तारातून सुमारे १९ कोटी टन हरितगृह वायू बाहेर पडतील, असे त्यात होते. पण साऱ्या जगाच्या उत्सर्जनाशी तुलना करून परिणाम नगण्य ठरवण्यात आला. जगाच्या मापाने मोजले तर कोणत्याही एका कारखान्याचा धूर नगण्यच ठरेल! एप्रिल २०२२ मध्ये अपील न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला आणि २०२३ साली आराखड्याची मंजुरी रद्द झाली.

याच काळातील दुसरी घटना कामगारांनी विशेष ध्यानात ठेवावी. खाण चालवणाऱ्या सिग्नल पीक कंपनीने सुरक्षा-नियमांच्या हेतुपुरस्सर भंगाचा गुन्हा कबूल केला आणि जानेवारी २०२२ मध्ये तिला दहा लाख डॉलरचा दंड झाला. खाणीचा गाळ परवानगीविना जुन्या सोडलेल्या बोगद्यांत सोडण्यात आला होता. बोट चिरडलेल्या एका कामगाराला, अपघात कामावर झाल्याचे त्याने सांगू नये म्हणून, रोख रक्कम देण्यात आली होती. जमिनीखाली गाळ दडवणारे आणि कामगाराची जखम दडवणारे हात एकच होते. म्हणूनच ‘पर्यावरण विरुद्ध रोजगार’ हा झगडा मालकवर्गाने उभा केलेला देखावा आहे.

न्यायालयीन विजय मात्र पुरेसा नसतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका रेल्वेमार्गाच्या खटल्यात पर्यावरणीय परीक्षणाची व्याप्ती आकुंचित केली. त्याच वर्षी जानेवारीत ‘ऊर्जा आणीबाणी’ पुकारण्यात आली होती. जूनमध्ये याच खाणीच्या विस्ताराला पुन्हा मंजुरी मिळाली: संघराज्याचा सुमारे २ कोटी २८ लाख टन आणि लगतचा ३ कोटी ४५ लाख टन कोळसा, खाणीचे आयुष्य नऊ वर्षांपर्यंत वाढणार. आणीबाणी स्वदेशाची, कोळसा मात्र जपान व दक्षिण कोरियाला निर्यात होणारा!

भारतातील स्थिती याहून वेगळी नाही. बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणींचे १९७३ साली राष्ट्रीयीकरण झाले, त्यामागे श्रमजीवी जनतेच्या लढ्यांचे बळ होते. पर्यावरण परिणाम मूल्यमापनाची अधिसूचना १९९४ साली निघाली आणि २००६ साली तिची जागा नव्या अधिसूचनेने घेतली. नंतर विस्तारासाठी सवलतींचा ओघ सुरू झाला. मे २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने, ४० टक्के विस्तार मिळालेल्या कोळसा खाणींना ५० टक्क्यांपर्यंत जाण्यासाठी नव्या जनसुनावणीविना मुभा दिली; कारण कोळशाच्या टंचाईचे दिले. परवान्यातील दुरुस्ती हे जनसुनावणी टाळण्याचे साधन बनले.

तीनच महिन्यांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे जुन्या भूमिगत खाणीवरील एक राहते घर जमिनीत गडप झाले आणि शेजारच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्या खाणीतून निघालेला कोळसा केव्हाच जळून गेला होता. पोकळी तेवढी जनतेच्या वाट्याला उरली होती.

यातून पक्षकार्यकर्त्यांपुढे ठोस कामे उभी राहतात. खाणभागातील शाखांनी परवान्याच्या प्रत्येक दुरुस्तीची कागदपत्रे मिळवून ती स्थानिक भाषेत गावसभेपुढे ठेवावीत. विहिरींची पातळी आणि भिंतींच्या भेगा यांची नोंद विस्तारापूर्वीच करून ठेवावी; अन्यथा नुकसान खाणीने झाले हे सिद्ध करण्याचे ओझे शेतकऱ्यावरच पडते. खाण-कामगारांच्या संघटनेने जनसुनावणीत गावकऱ्यांच्या बाजूने उभे राहावे, आणि खाण बंद होण्याची वेळ आली तर कामगाराच्या पर्यायी रोजगाराची मागणी गावकऱ्यांनीही उचलून धरावी. जमिनीखाली राबणारा आणि जमिनीवर नांगरणारा यांची एकजूट झाली, तरच परवान्याचा कागद मालकाच्या कचेरीतून जनतेच्या हाती येईल.