पैसा तिचा, खातं कुणाचं?

(महिला मंडळांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



परदेशात राबणारे लोक घरी किती पैसे पाठवतात याची पाहणी रिझर्व्ह बँक करते. २०२३-२४ च्या पाहणीत महाराष्ट्राचा वाटा सुमारे वीस टक्के आहे, केरळच्याही किंचित पुढे. मला आज बोलायचंय ते आखातात घरकामाला गेलेल्या बायांच्या पैशाबद्दल. हा पैसा कधी कमी, कधी जास्त का येतो, असं वस्तीत विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘तिची माया आटली’, नाहीतर ‘तिकडे चैन करते’. मायेचा प्रश्न फार नंतरचा आहे. त्याआधी पैसा दोन-तीन ठिकाणी गळतो.

पहिली गळती निघण्याआधीच होते. आपल्या केंद्रात येणाऱ्या एका बाईने कुवेतला जायला ऐंशी हजारांचं कर्ज काढलं, शेकडा चारनं, तेही महिन्याला. तिथून पंधरा हजार यायचे, त्यातले दहा सावकाराला. असे दहा महिने गेले. घरी पाच हजारच पोचत होते, आणि सासू शेजारणींना सांगायची, सून हात आखडते!

ऐंशी हजार का लागले? १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालच्या नियमांत एजंटच्या फीला तीस हजारांची मर्यादा घातलेली आहे. पण दहावी न झालेल्या बाईला आखातात घरकामाला जायचं तर वय तीस पूर्ण हवं, आणि २०१६ पासून सरकारने नेमलेल्या संस्थांमार्फतच जावं लागतं. हेतू रक्षणाचा. पण अशी संस्था आपल्या बाईच्या वस्तीपर्यंत पोचत नाही. पोचतो तो दलाल, टूरिस्ट व्हिसा घेऊन. दार जितकं अरुंद, तितका त्याचा भाव जास्त. श्रीलंकेनेही २०१३ मध्ये पाच वर्षांखालचं मूल असलेल्या आईला जायला बंदी केली होती. बापांना असं कुणी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट पगाराची. कुवेतने २०१५ मध्ये घरकामगारांसाठी कायदा केला आणि २०१६ मध्ये किमान पगार ठरवला ६० दिनार, म्हणजे आज साधारण सतरा हजार रुपये. हातात तेवढे पडतातच असं नाही. व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला. पगार थकला तरी दुसरं घर धरता येत नाही. आणि आपलं सरकार? सप्टेंबर २०२० मध्ये त्याने आखाती देशांसाठीचे भारतीय कामगारांचे किमान पगार तीस ते पन्नास टक्क्यांनी उतरवले. नोकऱ्या टिकाव्यात म्हणून, असं कारण दिलं. कामगारांच्या बाजूने ओरड झाली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०२१ मध्ये ते आदेश मागे घ्यावे लागले.

पाठवणावळ, रुपयाचा दर यांचाही परिणाम होतोच. रुपया घसरला की बाया चार दिवस थांबून पाठवतात; हिशेब त्यांना चोख कळतो. थोडे थोडे पाठवणारीला पाठवणावळ जास्त जाचते, एवढं लक्षात ठेवा.

पण मला खरी महत्त्वाची वाटते ती शेवटची गोष्ट: पैसा कुणाच्या नावावर उतरतो. मघाची आपली बाई. चार वर्षं तिने नवऱ्याच्या खात्यावर पैसे टाकले. परत आली तेव्हा गावी दोन खोल्यांचं पक्कं घर उभं होतं, सासऱ्याच्या नावावर. खात्यात काही नव्हतं. नवऱ्याने दारूत उडवले असंही नाही. दिराचं लग्न, आजारपण, घर, सगळं रीतसर. फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं.

ती पुन्हा गेली. आता मुलांचा खर्च बहिणीकडे पाठवते, उरलेले स्वतःच्या एनआरई खात्यात. सासरचे म्हणतात, पैसे कमी यायला लागले. देशाच्या हिशेबात रक्कम तेवढीच आहे.

तेव्हा तुमच्या वस्तीतून कुणी निघाली असेल तर तिच्यासोबत बँकेत जा. खातं एकटीच्या नावाचं उघडा. फॉर्मवर मोबाइल नंबर नवऱ्याचा घालू देऊ नका. आणि एटीएम कार्ड कुणाकडे राहणार, ते ती इथे असतानाच, चारचौघांसमोर ठरवून घ्या.