डाळीच्या डब्यातील बचत
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



'घरातील काटकसर' या विषयावर मी बोलावे असे संयोजकांनी ठरविले. बँकेत नोकरी करतो म्हणून माझी निवड झाली असावी. पण दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजणाऱ्या माणसाला काटकसरीतले काही कळतेच असे नाही. मी कला शाखेचा पदवीधर. हिशेब शिकलो तो काउंटरवर आणि काटकसर पाहिली ती घरात, तीही फार उशिरा.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री 500 आणि 1000 रुपयांच्या नोटा बंद झाल्याचे जाहीर झाले. आपण नाशिककर. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जातात, तेव्हा नोटेचे आपल्याला तसे अप्रूप नाही. पण त्या रात्री जेवणे झाल्यावर माझ्या पत्नीने तूरडाळीचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला, डाळीत कोपरापर्यंत हात घातला आणि एक प्लॅस्टिकची पिशवी वर काढली. आत 500 च्या 37 नोटा होत्या. साडेअठरा हजार रुपये! बँकेत नोकरी करणाऱ्याच्या घरात पैसा डाळीच्या डब्यात! मी म्हणालो, "अगं, मला सांगायचे तरी." ती म्हणाली, "तुम्हाला सांगितले असते तर राहिले असते का?" मी गप्प बसलो. उत्तर मला माहीत होते.

10 नोव्हेंबरला बँका उघडल्या. त्यानंतर 30 डिसेंबरपर्यंत मी काउंटरवर जे पाहिले ते विसरणे शक्य नाही. हळदीचा वास येणाऱ्या नोटा, घडी घालून घालून तुकडे पडायच्या बेतात आलेल्या नोटा, लुगड्याच्या पदरात बांधलेल्या नोटा. आणणाऱ्या बहुतेक बायाच. एका मावशींनी खाली वाकून हळूच विचारले, "साहेब, मालकाच्या पुस्तकात नको, दुसरीकडं कुठं टाकता येत नाही का?" आयुष्यभर एक-एक रुपया वाचविला, पण तो ठेवायला स्वतःच्या नावाचे साधे पासबुक नव्हते. आज मला खरे म्हणजे एवढेच सांगायचे आहे. काटकसर कशी करावी हे या सभागृहातील भगिनींना शिकविण्याची माझी पात्रता नाही. वाचलेला पैसा कोणाच्या ताटातून निघतो आणि कोणाच्या नावावर जातो, हा माझा प्रश्न आहे.

ते साडेअठरा हजार कसे साठले, हे मी पुढे पत्नीला खोदून खोदून विचारले. बुधवारच्या बाजारात ती दिवस कलल्यावर जाते. बाजार उठायच्या वेळी भाजीचा भाव उतरतो. उन्हाळ कांदा निघाला की गोणीभर घेते आणि माळ्यावर हवेशीर पसरून ठेवते. तो काही महिने टिकतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा असा टिकत नाही, म्हणून तो लागेल तेवढाच. डाळ तास-दोन तास भिजवूनच कुकरला लावायची, म्हणजे गॅस कमी जळतो. दोडक्याच्या शिरांची चटणी, शिळ्या पोळीचा कुस्करा, वैशाखात कुरडया-सांडगे. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून रद्दीबरोबर विकायच्या. विजेचा हिशेब मात्र मी तिला सांगितला, हा माझा एकुलता एक वाटा! दोन किलोवॅटचा गिझर रोज अर्धा तास चालला तर दिवसाला एक युनिट, महिन्याला 30 युनिट होतात. पहिल्या 100 युनिटांचा दर कमी आणि त्यापुढील युनिटांचा बराच जास्त असतो. बिलावर दर छापलेले असतात, पण आपण फक्त एकूण रक्कम पाहतो आणि कपाळाला हात लावतो.

कपड्यांच्या बाबतीत आपल्या आज्या जे करीत त्याला तर फार जुना दाखला आहे. विनयपिटकात कथा आहे. कोसंबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी भंते आनंद यांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली, एवढ्या वस्त्रांचे हे काय करणार, दुकान मांडणार की काय? त्याने तसे विचारलेच. आनंदांनी सांगितले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटीन. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. खोळींची पुढे बैठकीची वस्त्रे, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी आणि शेवटी फडकी कुटून, चिखलात कालवून त्यांनी जमीन सारवायची. राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली. माझ्या आजीने ही कथा ऐकलेली नव्हती. पण तिच्या लुगड्याची वाकळ होई, वाकळीचे पायपुसणे, आणि अखेर चूल सारवायचे पोतेरे.

आता थोडे कडू बोलतो. कोंड्याचा मांडा करणारी गृहिणी असे आपण कौतुकाने म्हणतो. तो मांडा खातो कोण आणि कोंडा उरतो कोणासाठी? आमची आई सर्वांच्या शेवटी जेवायची. कालवण संपलेले असले तर चटणी-भाकर आणि वर पाणी. आम्ही भावंडे समजत होतो की आईला चटणीच आवडते. तिच्या अंगात रक्त कमी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. माझी फी कोठून येत होती हे मला त्या दिवशी कळले. म्हणून विनंती करतो. ताटातली, औषधातली आणि मुलीच्या शिक्षणातली काटकसर ही काटकसर नव्हे. गुटखा, वाढदिवसाचे फलक, लग्नातला डीजे हे सर्व जसेच्या तसे ठेवून दोडक्याच्या शिरांवर संसार सावरत नाही. दात कोरून पोट भरत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

माता रमाईंचे नाव आपण या प्रसंगी घेतोच. 1920 ते 1923 या काळात बाबासाहेब लंडनला शिकत होते. तेथे ते अर्धपोटी राहून अभ्यास करीत आणि इकडे रमाई तुटपुंज्या पैशात घर चालवीत. त्याच काळातील अभ्यासातून रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध 1923 मध्ये ग्रंथरूपाने आला. पण रमाईंची चार मुले दगावली आणि 27 मे 1935 रोजी त्या स्वतः गेल्या. त्यांचा त्याग सांगताना ही किंमतही सांगावी. पुढे पाकिस्तानवरील ग्रंथ बाबासाहेबांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन उद्योगात गुंतविण्यासाठी आणि चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवण्यासाठी. उपभोगाचा भाग पहिला सांगितला आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पगारावर जगणाऱ्याचा उद्योग म्हणजे मुलांचे शिक्षण, असा अर्थ मी माझ्यापुरता लावतो. चौथा हिस्सा पूर्ण राखणे सर्वांना जमणार नाही. दहावा जमला तरी चालेल, पण तो पगाराच्या दिवशी बाजूला निघाला पाहिजे. महिनाअखेरीस उरेल ते ठेवू म्हणणाऱ्याचे काही उरत नाही, हे मी स्वतःच्या खात्यावरून सांगतो.

अडचणीला हा हिस्सा नसला की काय होते? दवाखान्यासाठी कोणी शेकडा पाचने दहा हजार घेतो. शेकडा पाच ऐकायला लहान वाटते, पण ते दरमहा आहे. महिन्याला 500, वर्षाला 6,000, आणि मुद्दल जागच्या जागी उभे. तेच 500 दरमहा आवर्ती ठेवीत टाकले असते तर वर्षाअखेरीस 6,000 आणि वर व्याज आपले झाले असते. क्रेडिट कार्डाचे बिल थकविले तरी महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागू शकतात. सुटाबुटातला सावकार, दुसरे काय! पैसे ठेवतानाही पाहून ठेवा. बँकेतील ठेवीला 4 फेब्रुवारी 2020 पासून व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. एक-दोन टक्के जादा व्याजासाठी जन्माची पुंजी अडकलेली माणसे मी पाहिली आहेत.

राहिला तो डबा. त्या नोव्हेंबरात मी पत्नीच्या नोटा स्वतःच्या खात्यात भरायला निघालो होतो. ओळखीचे काम, रांग नको. फॉर्मवर नाव लिहिताना त्या मावशी आठवल्या आणि हात थांबला. दुसऱ्या दिवशी ती दोन तास रांगेत उभी राहिली आणि तिने स्वतःचे खाते उघडले, एकटीच्या नावाचे. ते आमच्याच शाखेत आहे. त्यात आज किती शिल्लक आहे हे मी कधी पाहिलेले नाही. डाळीचा डबाही अजून आहे, त्यातही मी हात घालीत नाही.

कार्यक्रमानंतर मी दाराजवळच्या टेबलापाशी बसणार आहे. ज्या भगिनींचे स्वतःच्या नावाचे खाते नसेल त्यांनी आधार कार्ड आणि एक फोटो घेऊन यावे. फॉर्म माझ्याजवळ आहेत, भरूनही देईन. जयभीम.