एक वस्तू, एक संज्ञा

(राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

राणीसावरगाव हे नाव काही कागदांवर एका शब्दात, तर काहींवर ‘राणी सावरगाव’ असे तोडून लिहिलेले आढळते. ग्रामस्थाचे त्यावाचून काही अडत नाही, टपालही बिनचूक पोहोचते. संगणकाचे मात्र तसे नाही. मध्ये मोकळी जागा पडली की त्याच्या लेखी ती दोन गावे होतात आणि एका नावाने शोध घेणाऱ्यास दुसऱ्या नावाखालील नोंद सापडेलच असे नाही. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास सहा अंकी संकेतांक होता. अशा अंकाने गावांपुरता प्रश्न पुष्कळसा सुटतो. परंतु अर्ज भरणाऱ्याने काय करावयाचे, हे अंकांत सांगता येत नाही. तेथे भिस्त शब्दावरच.

मराठवाड्यास हा प्रश्न नवा नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता व तेथील कारभाराची भाषा उर्दू होती. पश्चिम महाराष्ट्रातील मामलेदार तो येथील तहसीलदार; तेथील तलाठी तो येथील पटवारी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ रोजी अमलात आली आणि तिन्ही विभागांस तहसीलदार व तलाठी या समान संज्ञा मिळाल्या. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० मधील. त्याच्या ‘पदनाम कोशा’ने व पुढे ‘शासन व्यवहार कोशा’ने कार्यालयीन मराठीला मोठा आधार दिला. शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोश’ ही त्याची पूर्वपरंपराच म्हणावयाची.

संगणकावरील मराठीत मात्र ही शिस्त अद्याप पुरती आलेली नाही. एका पडद्यावर ‘परवलीचा शब्द’, दुसऱ्यावर ‘संकेतशब्द’, तिसऱ्यावर सरळ ‘पासवर्ड’. एका ठिकाणी नोंद ‘हटवा’, दुसरीकडे ‘काढून टाका’. हे कानाला खटकते, इतकाच दोष असता तर तो सोसता आला असता. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी विद्यार्थिनी ‘जतन करा’ या कळीवर थांबते. माहितीपुस्तिकेत शेवटच्या पायरीला ‘दाखल करा’ म्हटलेले असते, पडद्यावर ‘सादर करा’ असते, आणि दोन्ही एकच, हे कोठेही सांगितलेले नसते. तिचा अर्ज जतन होतो, पण पोहोचत नाही. मुदत संपल्यावर तिला कळते, आणि चूक तिचीच ठरते. ‘रद्द करा’ या शब्दाचेही तसेच: खिडकी बंद होणार की अर्जच रद्द होणार?

असे घडण्याचे कारण बहुधा निष्काळजीपणा नसते. पुस्तिका अनेक हातांनी व अनेक वर्षांत लिहिली जाते. संकेतस्थळे उभारण्यासाठी जगभर वापरली जाणारी जँगो ही फ्रेमवर्क, म्हणजे तयार चौकट, याचे चांगले उदाहरण आहे. तिच्या पुस्तिकेत योगदान देणाऱ्यांसाठी ठराविक शब्द कसे लिहावेत याची छोटी यादीच दिलेली आहे. २०१४ मध्ये तिच्या पुस्तिकेतील, मुख्य विदागार व त्याच्या प्रती यांना लावलेले ‘मालक–गुलाम’ या अर्थाचे शब्द काढून ‘मुख्य’ व ‘प्रतिकृती’ या अर्थाचे शब्द घालण्यात आले. याच चौकटीत ‘प्रोजेक्ट’ म्हणजे संपूर्ण संकेतस्थळ आणि ‘ॲप्लिकेशन’ म्हणजे त्याचा एक भाग. भाषांतरकाराने सवयीने ‘ॲप्लिकेशन’चा ‘अर्ज’ केला, तर वाचक भलत्याच वाटेला लागतो.

दुरुस्ती करताना घाई मात्र नडते. संगणक क्षणात सर्वत्र शब्द बदलून देतो, आणि तेथेच घोटाळा होतो. ‘खाते’ म्हणजे शासनाचा विभाग, बँकेतील खाते, आणि आठ-अ उताऱ्यावरील खातेही. सरसकट ‘खाते’ काढून ‘विभाग’ घातला तर शेतकऱ्याचा बँक विभाग तयार होईल! म्हणून आधी अर्थ ठरवावा, मग शब्द निवडावा, त्याची नोंद करावी आणि प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहून बदल करावा. शब्द निवडताना लोकांच्या तोंडी रुळलेल्या शब्दास पहिला मान द्यावा. ‘धारिका’पेक्षा ‘फाइल’ पुष्कळांना लवकर कळते, आणि त्यात कमीपणा नाही.

जुन्या अभिलेखाला मात्र हात लावू नये. खासरा पाहणी पत्रकात जो शब्द आहे तो तसाच राहिला पाहिजे, कारण तो पुरावा आहे. शोधसूचीत मात्र जुन्या शब्दापुढे नवा शब्द द्यावा. आज्ञावलीतही कित्येकदा असेच करावे लागते. जुने नाव एकदम काढले तर त्यावर चालणारी इतर कामे बंद पडतात, म्हणून ते काही काळ नव्याबरोबर ठेवतात.

सेवा केंद्र चालविणाऱ्याने व शाळेतील अर्ज भरून देणाऱ्या शिक्षकाने एक वही ठेवली तरी पुष्कळ होईल. कोणत्या योजनेचा अर्ज, कोणता पडदा, तेथे कोणता शब्द, पुस्तिकेत कोणता, आणि अर्जदार कोठे अडला. अशी दहा-पंधरा पाने संबंधित विभागाकडे गेली, की शब्द बदलावयास बसणाऱ्याला कोठून सुरुवात करावी हे कळेल.