राक्षसाला शक्ती द्यायची, पण किती?

भाकऱ्या थापायला अजून वेळ असेल तर रेडिओचा आवाज जरा मोठा करा. आज बचत, कर्ज, वसुली यातलं काही नाही. आज आम्ही राक्षस कसा तयार करायचा ते सांगणार आहोत.

हसू नका. आम्ही पण आधी हसलोच होतो. आमच्या गटातल्या एका ताईंची भाची पुण्याला शिकते. ती सुट्टीत आली तेव्हा पिशवीत वीस बाजूंचा एक फासा घेऊन आली. म्हणाली, मावशी, आमच्याकडे गोष्टीचा एक खेळ खेळतात, तुमच्या किशोरी गटातल्या मुलींना शिकवू का? आम्ही हो म्हटलं, आणि त्यानंतर बैठक संपली तरी कुणी घरी जायला उठेना.

खेळ असा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगते, बाकीच्या त्या गोष्टीतली माणसं होतात. गोष्टवाली म्हणते, “पुढं नदी आहे, अंधार पडलाय, काय करता?” मग प्रत्येकीनं आपण काय करणार ते सांगायचं. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकन माणसांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावानं हा खेळ छापला, आणि तो आता जगभर खेळतात. आमच्याकडं एकच फासा, आणि तोही भाची परत नेणार होती. म्हणून आम्ही बिस्किटाच्या डब्यात 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी काढायची, वाचायची, परत टाकायची. काम तेच होतं.

आता या खेळात राक्षस लागतोच. तो गोष्टवालीनं आधी तयार करून आणायचा. त्याला काय येतं आणि तो कशानं हरतो, हे लिहून आणायचं. आम्हाला वाटलं, यात काय अवघड? लहानपणापासून भुताच्या गोष्टी ऐकल्यात.

पहिला आम्ही चकवा केला. रात्रीच्या वाटसरूला भुलवून त्याच त्या जागी परत आणतो तो. गोष्ट अशी होती की चार मैत्रिणी डोंगरापलीकडच्या वस्तीवर सुईणीला घेऊन निघाल्यात आणि उजाडायच्या आत पोचायचंय. मुलींनी डावी वाट धरली, आम्ही सांगितलं, परत त्याच बाभळीखाली आलात. उजवी धरली, तरी बाभूळच. ओढ्याच्या कडेनं गेल्या, पुन्हा बाभूळ. सहाव्यांदा बाभूळ आली तेव्हा एक मुलगी म्हणाली, “मग आम्ही कशाला सांगायचं? तुम्हीच सांगा गोष्ट.” आणि चपला घालून निघून गेली.

तिचं बरोबर होतं. आम्ही चकव्याला अशी शक्ती दिली होती की समोरच्याला करण्यासारखं काही उरलंच नाही. असा राक्षस भयानक वाटत नाही, कंटाळवाणा वाटतो.

त्या रात्री आम्ही तिघी सहयोगिनी विचार करत बसलो. मग लक्षात आलं की आपल्या पुराणांतल्या राक्षसांना असं कुणी मोकळं सोडलेलं नाही. हिरण्यकशिपूला मरण ना दिवसा ना रात्री, ना घरात ना बाहेर, ना माणसाकडून ना जनावराकडून. वाटतं, संपलं सगळं. पण संध्याकाळ राहिली, उंबरा राहिला, नरसिंह राहिला. भस्मासुर ज्याच्या डोक्यावर हात ठेवील त्याची राख. मोहिनीनं नाचता नाचता त्याचाच हात त्याच्या डोक्यावर नेला. रक्तबीजाचं तर विचारू नका. रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा रक्तबीज उभा, म्हणजे जितकं मारावं तितके वाढणार. तलवार चालवून तो संपत नाही. कालीनं थेंब जमिनीला लागायच्या आतच पिऊन टाकले. प्रत्येकाच्या शक्तीतच त्याला हरवायची फट ठेवलेली आहे, आणि ती नुसत्या जोरानं सापडत नाही.

मग चकवा सुधारला. आधी त्याची खूण ठरवली. तो जवळ आला की रातकिडे एकदम गप्प होतात. वाट धरली की चिठ्ठी काढायची. 11 किंवा वर आला तर पुढं, खाली आला तर बाभूळ. म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता. आणि फट ही, की एका जागी घटकाभर शांत बसलं तर भूल उतरते. पण घटका गेली की उजाडायला तेवढा वेळ कमी! आता बघा, त्याच मुली डोक्याला हात लावून भांडायला लागल्या. बसायचं की चालायचं? रुसून गेलेली मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती आत येऊन म्हणाली, “आधी रातकिडे ऐका ना गं.”

हिशेबाची गंमत तर आपल्या बायकांना फारच कळली. त्या इंग्रजी खेळात ट्रोल नावाचा एक राक्षस आहे. त्याची जखम आपोआप भरते, फक्त आगीनं किंवा तेजाबानं झालेली भरत नाही. आम्ही तसा एक करून बघितला. त्याचा जीव 32 गुणांचा धरला. चौघी मारणार, निम्मे घाव लागणार, लागलेला प्रत्येक घाव 4 गुणांचा. म्हणजे फेरीला 8 गुण, चार फेऱ्यांत खलास. पण त्याची जखम दर फेरीला 5 गुणांनी भरते म्हटलं, तर हाती उरतात 3, आणि नऊ-दहा फेऱ्या लागतात. भरणं 8 केलं तर तो मरतच नाही. आमच्या शेवयावाल्या मावशी लगेच म्हणाल्या, “हे तर सावकाराच्या व्याजासारखंच झालं की.” शाळा चौथीपर्यंत, पण ट्रोलला किती गुण द्यायचे हे आता त्याच ठरवतात. त्यांनी 5 ठेवले आणि कोपऱ्यात पेटती चूल मांडली. चुलीकडं कुणाचं लक्ष जातं ते बघायचं, म्हणाल्या.

आणखी एक आम्हाला फार आवडला. गंज चढवणारा प्राणी. तो माणसाला काही करत नाही, पण त्याच्या मिशा लागल्या की लोखंड गंजून गळून पडतं. गायगॅक्स यांना तो प्लॅस्टिकच्या एका स्वस्त खेळण्यावरून सुचला. कोयता, विळा, हंडा जाणार म्हटल्यावर आमच्या बायका जितक्या घाबरल्या तितक्या ट्रोलला नाही घाबरल्या. जीव घेतो तोच राक्षस मोठा, असं काही नाही.

मग आली हडळ. हे सांगावं की नाही, यावर आमचं एकमत नव्हतं. पण ज्यांची गोष्ट आहे त्या मावशींनीच सांगा म्हटलं.

गोष्टीतल्या सुईणीला घेऊन मुली नदीच्या उतारावर आल्या. तिथं आम्ही हडळ ठेवली होती. उलटे पाय, मोकळे केस, ठरलेलं सगळं. एका मुलीनं काठी उगारली, चिठ्ठी काढायला हात डब्यात घातला. शेवयावाल्या मावशी म्हणाल्या, “थांब.” मग म्हणाल्या, “माझी थोरली बहीण बाळंतपणात गेली. गाव तिला हडळ झाली म्हणायचं. चिंचेखालून जाताना लोक थुंकायचे. तुम्ही तिला काठीनं मारणार का?”

कुणी काही बोललं नाही. आम्ही म्हटलं, चुकलं, हडळ काढून टाकू. तर दुसऱ्या एक ताई म्हणाल्या, काढून काय होणार? खेळातनं गेली तरी चिंचेवर राहतेच. मुलींच्या मनात ती आहेच. बरीच वादावादी झाली. शेवटी मावशीच म्हणाल्या, “राहू दे तिला. पण ती मारणार नाही. ती विचारणार.” काय विचारणार? तर, “गाडी आली का?” त्यांची बहीण रात्रभर हेच विचारत होती. बैलगाडी पहाटे आली.

मग शक्ती नव्यानं लिहिली. तिला कोणतंही हत्यार लागत नाही. ती एकच प्रश्न विचारते. खोटं सांगितलं की पाणी हातभर चढतं. न बोलता निघून जायला बघितलं तरी चढतं. हिला चिठ्ठी नाही, गुण नाहीत. पुढच्या रविवारी त्याच मुलींपुढं ती आली. पहिलीनं घाबरून “आली, आली” म्हटलं. पाणी गुडघ्याला लागलं. मग रुसणारी आमची मुलगी हळूच म्हणाली, “नाही आली. तुझ्यासाठी नाही आली. पण आम्ही सुईणीला घेऊन चाललोय, दुसरीसाठी.” आम्ही मावशींकडं बघितलं. पाणी उतरलं की नाही, ते त्यांनी ठरवायचं होतं. त्यांनी मान हलवली.

खेळ संपल्यावर मुलींनी 102 आणि 108 हे दोन्ही नंबर खोलीच्या भिंतीवर खडूनं मोठे लिहिले. आम्ही सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमच्या वहीत एक नियम आहे. चेटकीण, डाकीण करायची नाही. चकवा कुणाच्या घरी राहत नाही, ट्रोल गावात नाही. पण डाकीण म्हटलं की बोट जिवंत बाईकडं जातं, बहुतेक वेळा एकटीकडं, म्हातारीकडं. त्यासाठी आपल्या राज्यात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. खेळात हसत हसत त्याची सवय नको. एका मुलीनं कुरकुर केली, तिला आम्ही गंज चढवणारा प्राणी देऊन टाकला.

तुम्हाला करून बघायचं असेल तर डबा, वीस चिठ्ठ्या आणि एक वही पुरते. राक्षस एकावेळी एकच घ्या, आणि शक्तीही एकच द्या. आम्ही एकाला चार शक्ती दिल्या होत्या, कुणाच्याच लक्षात राहिल्या नाहीत, गोष्टवालीच्यासुद्धा. आणि तयार झाला की आधी सगळ्यांत धाकट्या मुलीला सांगा. “मग मी काय करू?” असं विचारून ती गप्प बसली, तर वही परत उघडा.

पुढच्या रविवारी गोष्टवाली म्हणून शेवयावाल्या मावशी बसणार आहेत. त्यांनी विहिरीतला गिऱ्हा केलाय. त्याची शक्ती पानभर लिहिलीय, फट मात्र अजून लिहिलेली नाही. मुली रोज शेवया वाळत घालायला मदत करतात आणि काढून घ्यायला बघतात. मावशी काही सांगत नाहीत.